करवत खांद्यावर घेतलेला माणूस

ब्रुसेल्सच्या कलासंग्रहालयात थोरल्या पीटर ब्रॉयगलचं एक चित्र आहे, त्यात देव शोधावा लागतो. चित्र तसं ऐसपैस, दीड मीटरहून रुंद. बर्फाने भरलेलं एक गाव, निष्पर्ण फांद्यांमध्ये अडकलेला लाल सूर्य, गोठलेल्या पाण्यावर घसरणारी पोरं. डावीकडे खानावळ. तिच्यासमोर एक डुक्कर कापलं जातंय आणि रक्त वाया जाऊ नये म्हणून एक बाई खाली भांडं धरून वाकली आहे. कोंबड्या काहीतरी टिपतायत. कुणी बर्फाचे गोळे करून मारतंय, कुणी अंगणातला बर्फ झाडतंय, कुणी पाठीवर ओझं घेऊन जपून पावलं टाकतंय. खानावळीच्या खिडकीपाशी झुंबड उडाली आहे. तिथे कागद आहेत, लिहिणारे आहेत आणि अर्थातच पैसे घेणारेही आहेत.

चित्राचं नाव 'बेथलेहेमची शिरगणती'. नाव वाचलं की आपण चपापतो आणि मरिया-योसेफाला हुडकायला लागतो. सापडतात. खाली, मध्यापासून जरा उजवीकडे, गाढवावर बसलेली, निळ्या वस्त्रात गुरफटलेली एक बाई. सोबत एक बैल. आणि पुढे खांद्यावर लांब करवत टाकून खाली वाकून चाललेला एक माणूस. मोठ्या टोपीखाली त्याचा चेहरा धड दिसतही नाही. करवत नसती तर तो गर्दीत हरवूनच गेला असता.

प्रसंग लूकच्या शुभवर्तमानातला. रोमच्या ऑगस्टस बादशहाने फर्मान काढलं की सगळ्यांची नोंद व्हायची आणि ज्याने त्याने आपापल्या मूळ गावी जाऊन ती करायची. योसेफ दाविदाच्या घराण्यातला, म्हणून नाझरेथहून बेथलेहेमला निघाला. बायकोचे दिवस भरलेले. आता, ज्या माणसाने नोकरीच्या गावी रजा टाकून, वारसनोंदीसाठी मूळ गावच्या तलाठ्याकडे खेपा घातल्या आहेत, त्याला हा प्रसंग समजावून सांगायला धर्मगुरूची गरज नाही. 'साहेब जेवायला गेलेत' हे वाक्य बायबलमध्ये नाही, पण ब्रॉयगलच्या खिडकीपाशी ते ऐकू येतं.

गंमत म्हणजे गावात कुणीही त्या दोघांकडे वळून बघत नाही. डुकराकडे बघतात, खिडकीकडे बघतात, भोवऱ्याकडे बघतात. जगाचा तारणहार गाढवावरून चालला आहे आणि गावाला रात्रीच्या कालवणाची पडली आहे. याला कुणी उपहास म्हणतं, कुणी श्रद्धेतली खोली म्हणतं. मला ते फक्त अचूक वाटतं. खरंच तसंच झालं असणार. कुणाच्या डोक्यामागे तेजोवलय दिसत असतं, तर खानावळीत जागा मिळाली नसती का?

ब्रॉयगलने हे गाव पॅलेस्टाइनमध्ये वसवलेलं नाही. त्याने आपल्याच ब्राबांटातलं गाव उचललं आणि त्याला बेथलेहेम म्हटलं. खानावळीच्या भिंतीवर राजचिन्ह लावलंय तेही रोमचं नाही, हाब्सबुर्गांचा दुतोंडी गरुड आहे तो. तेव्हा नेदरलँड्सवर स्पेनच्या दुसऱ्या फिलिपची सत्ता होती आणि कर भरभरून लोक टेकीला आले होते. त्यामुळे १५६६ साली हे चित्र पाहणाऱ्याला खिडकीतला कारकून ऑगस्टसचा की फिलिपचा, असा प्रश्न पडला नसावा. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कडव्या प्रोटेस्टंटांचे जमाव तिथल्या चर्चांमध्ये घुसले आणि त्यांनी संतांच्या मूर्ती नि चित्रं फोडून काढली. चर्चमधला देव फोडता येतो, कारण तो कुठे ठेवलाय ते माहीत असतं. ब्रॉयगलचा देव फोडायचा, तर आधी तासभर शोधा.

या ब्रॉयगलबद्दल कारेल व्हान मांडर नावाच्या चरित्रकाराने १६०४ साली एक गोष्ट लिहून ठेवली आहे. एका व्यापारी मित्राला घेऊन तो शेतकऱ्याच्या वेषात खेड्यांतल्या जत्रांना आणि लग्नांना जायचा. सोबत आहेर न्यायचा, आणि आपण वराकडचे किंवा वधूकडचे नातलग आहोत असं ठोकून द्यायचा. खरं-खोटं देव जाणे. पण बिनबोलावता लग्नात जेवून, आहेरही करून, वर सगळ्यांची नाकं-डोळी लक्षात ठेवून घरी येणारा माणूस मला फार जवळचा वाटतो. त्याच्या चित्रातल्या माणसांची अंगं खरी आहेत, ती पंगतीत शेजारी बसून पाहिलेली आहेत.

याच धर्तीचं त्याचं आणखी एक चित्र आहे, त्याची कथा मात्र भीषण आणि तितकीच हास्यास्पद आहे. हेरोद राजाने बेथलेहेमची लहान मुलं मारायला सैन्य पाठवलं, तो प्रसंग. इथेही बर्फातलं फ्लेमिश खेडंच. हे चित्र पुढे सम्राट दुसरा रुडॉल्फ याच्या संग्रहात गेलं. बादशहाच्या नजरेला ते सोसवेना, म्हणून असेल, त्यावर फेरफार झाले आणि मेलेल्या मुलांच्या जागी गाठोडी, गुरंढोरं, खाण्याच्या जिनसा आल्या. बालहत्याकांडाची साधी लूट झाली. आज चित्र ब्रिटिश राजघराण्याकडे आहे आणि त्यात आया गाठोड्यांसाठी नि पाळीव पक्ष्यांसाठी ऊर बडवून रडताना दिसतात. रंग जुना झाल्यावर खालच्या मुलांचे आकार कुठे कुठे वर डोकावू लागले आहेत. सरकारी कागदावर केलेली खाडाखोड कधीतरी उजेडात येतेच, पण इथे तिला चारेकशे वर्षं लागली.

ब्रॉयगलच्या गावातून थेट स्पेनमधल्या सेव्हिलच्या स्वयंपाकघरात येऊ. वेलास्केथने १६१८ साली, विशीही ओलांडली नसताना, 'मार्था आणि मरियेच्या घरी ख्रिस्त' हे चित्र काढलं. सध्या ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. पुढे ओट्यावर ताटलीत चार मासे, दोन अंडी, लसूण, एक लाल सुकी मिरची आणि तेलाचा बुधला. एक तरणी मोलकरीण पितळी खलबत्त्यात काहीतरी कुटते आहे. गाल फुगलेले, डोळे ओले होऊ घातलेले. मागे एक म्हातारी बोट दाखवून तिला काहीतरी सुनावते आहे. आणि देव? तो उजव्या कोपऱ्यात एका चौकटीत, टपाल तिकिटापेक्षा जरा मोठा. ती चौकट खिडकी आहे, आरसा आहे की भिंतीवरचं चित्र, यावर विद्वानांमध्ये अजून एकमत नाही.

कथा अशी की येशू घरी आला, तेव्हा मार्थेची बहीण मरिया त्याच्या पायाशी बसून ऐकत राहिली आणि सगळं काम मार्थेवर पडलं. मार्थाने तक्रार केली, तर येशूने मरियेचीच बाजू घेतली. या कथेवर शतकानुशतकं प्रवचनं झाली. मला वाटतं, वेलास्केथ हा असा माणूस, ज्याला त्या घरात जेवण कोण करत होतं याची चौकशी करावीशी वाटली. त्या मोलकरणीचा चेहरा नीट पाहा. हिला अध्यात्म नको आहे, कुणीतरी येऊन निदान लसूण सोलून द्यावा एवढंच हवं आहे.

आपल्याकडे या बाबतीत देवाने जास्त समंजसपणा दाखवलेला आहे. विठोबा जनाबाईला प्रवचन देत बसला नाही, त्याने जात्याचा खुंटा धरला. तिच्याबरोबर शेण्या वेचल्या. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन कावडीने पाणी भरलं. गाण्यात नि कथेत आपण देवाला मनसोक्त राबवून घेतो. पण तेच चित्रात उतरवायची वेळ आली, की आपली छाती होत नाही. जनाबाईसोबत दळणाऱ्या विठ्ठलाची कॅलेंडरं आठवून पाहा: जातं आहे, सुपं आहेत, पिठाची टोपली आहे आणि देवाच्या डोक्यावर मुकुट जसाच्या तसा. इतका वेळ दळलं, पण पीतांबरावर पिठाचा कण नाही. राबण्याला आपली हरकत नाही. हरकत आहे ती मळण्याला.

ही अडचण आपल्यापुरतीच नाही, हे मला कॅरव्हॅजिओकडे पाहून कळतं. रोमच्या सांत'आगोस्तिनो चर्चमध्ये त्याचं एक चित्र आजही आहे: मरिया बाळाला घेऊन दाराच्या उंबऱ्यात उभी आहे आणि समोर दोन गरीब वारकरी गुडघे टेकून बसलेत. त्यातल्या पुरुषाचे अनवाणी, धुळीने काळे झालेले तळवे थेट पाहणाऱ्याच्या नाकासमोर येतात. जे यात्रेकरू ते पाहायला येत, त्यांचे स्वतःचे तळवे काही वेगळे नसणार. पण आपले पाय वेदीवर पाहायची सवय नव्हती, त्यामुळे बोभाटा झाला. त्याचं 'मरियेचा मृत्यू' तर ज्या साधूंच्या चर्चसाठी काढलं, त्यांनी ते परतच केलं. मरिया खरोखर मेलेली दिसत होती, हा त्याचा गुन्हा. पाय उघडे, अंग सुजल्यासारखं. रुबेन्सच्या शिफारशीवरून मांतुआच्या ड्यूकने ते विकत घेतलं. आज लूव्हरमध्ये त्याच्यासमोर गर्दी असते.

आणि आता लंडन, १८५०. माझ्या मते या साऱ्या भानगडीतला सर्वांत मजेदार अंक.

जॉन एव्हरेट मिले नावाच्या वीस वर्षांच्या पोराने रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात एक चित्र लावलं. आज त्याला 'आईवडिलांच्या घरी ख्रिस्त' म्हणतात. प्रसंग बायबलात नाही, पण असू शकला असता असा. सुताराचं दुकान आहे. बाकावर अर्धवट झालेलं दार आडवं टाकलंय. लहान येशूच्या तळव्याला त्या दारातला खिळा लागलाय आणि रक्ताचा एक थेंब पावलावर सांडलाय. आई गुडघ्यांवर बसून गाल पुढे करते आहे. योसेफ वाकून जखम बघतो आहे. आजी अॅना पक्कड घेऊन तो खिळा उपटायच्या तयारीत. लहानगा योहान पाण्याचं भांडं सांभाळत, एकही थेंब सांडू नये अशा बेताने येतो आहे. खाली रंध्यातून निघालेली लाकडाची कुरळी सालं पसरली आहेत, शिडीवर कबुतर बसलंय, बाहेर कुंपणाआड मेंढ्या माना वर करून उभ्या आहेत.

मिलेने कामात हयगय केली नव्हती. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या खऱ्याखुऱ्या सुताराच्या दुकानात बसून त्याने अभ्यास केला. योसेफाचं शरीर एका सुताराचं, कारण दंडांवरच्या शिरा आणि स्नायू तसे हवे होते. डोकं मात्र स्वतःच्या वडिलांचं. मेंढ्यांचा कळप मिळेना, तेव्हा खाटकाकडून मेंढ्यांची मुंडकी आणून ती समोर ठेवून रंगवली. म्हणजे चित्रातल्या त्या भोळ्या, कुतूहलाने बघणाऱ्या मेंढ्यांना मानेखाली काहीच नव्हतं. हे कळल्यापासून मी त्यांच्याकडे फार वेळ बघत नाही.

चित्रावर लंडन तुटून पडलं. आणि सर्वांत पुढे कोण? चार्ल्स डिकन्स. आपल्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' या साप्ताहिकात त्याने मिलेची अशी काही हजेरी घेतली, की वाचताना अंगावर काटा येतो. मुलाचे लाल केस त्याला सोसले नाहीत, त्याची वाकडी मान सोसली नाही, अंगातला झगा तर मुळीच नाही. मरियेच्या रूपाबद्दल तो जे लिहून गेला ते इथे सांगायला नको. इतकंच सांगते, की त्यात हलक्यातल्या हलक्या गुत्त्याचा उल्लेख आहे. ज्या लेखकाने ऑलिव्हर ट्विस्टला हातात वाडगा देऊन उभं केलं, गल्लीबोळांतली मळकी पोरं श्रीमंतांच्या दिवाणखान्यात नेऊन बसवली, त्याला सुताराच्या मुलाची नखं मळकी दिसली म्हणून एवढा संताप यावा! गरीब माणसात देव पाहा, हे तोही म्हणत होता. मात्र देवात गरीब माणूस दिसला, तेव्हा त्याने पेन उचललं.

ओरड इतकी झाली, की व्हिक्टोरिया राणीला राहवेना. तिने चित्र प्रदर्शनातून काढून आपल्याकडे आणवून पाहिलं. निषेधाने होते तेवढी जाहिरात पैसे देऊनही होत नाही, हे तेव्हाही खरं होतं.

मी या चित्राचं एक छापील पान आमच्याकडे कपाटाच्या बिजागऱ्या बदलायला आलेल्या मिस्त्रींना दाखवलं होतं. ते विश्वकर्म्याचे भक्त. हे कुणाचं घर आहे वगैरे मी आधी सांगितलं नाही. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पान हातभर लांब धरलं आणि म्हणाले, "ताई, दार बाकाच्या बाहेर किती आलंय बघा. आणि लहान पोरगं एवढ्या जवळ कशाला उभं करायचं? लागणारच." मग थोडं थांबून, "म्हातारीने पक्कड मात्र बरोबर धरलीय." डिकन्सच्या सगळ्या लेखात दाराकडे कुणी पाहिलेलंच नाही.

पुढे काय झालं, तेही ऐकण्यासारखं आहे. डिकन्स आणि मिले यांची चांगली गट्टी जमली. डिकन्सची मुलगी केट एका चित्रासाठी मिलेसमोर उभी राहिली. १८७० मध्ये डिकन्स गेला, तेव्हा त्याच्या मृत चेहऱ्याचं रेखाटन करायला जो चित्रकार घरी आला, तो मिलेच. मिले यथावकाश सर झाला, अकॅडमीचा अध्यक्ष झाला. आणि त्याने आपल्या नातवाचं साबणाचे फुगे उडवतानाचं जे गोंडस चित्र काढलं, ते पेअर्स साबणाच्या जाहिरातीत झळकलं. ज्याच्या ख्रिस्ताच्या घरात केरकचरा फार म्हणून बोंब झाली, त्याच्याच नातवाच्या चेहऱ्यावर निम्म्या जगाने साबण विकत घेतला. याहून स्वच्छ प्रायश्चित्त कुठलं असणार?

देवाला आपल्या घरगुती सामानात बसवायची ही हौस चित्रकारांनी सुरू केली, असंही नाही. १२२३ च्या नाताळात इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने खरा चारा, खरा बैल आणि खरं गाढव आणून गव्हाणीचा देखावा केला. त्याचेच वारस वसईपासून गोव्यापर्यंत घराघरांत दिसतात. आठ-दहा दिवस आधी ताटलीत नाचणी किंवा गहू पेरायचे, नाताळपर्यंत हिरवंगार कुरण तयार. वर चांदणीचा कंदील. बेथलेहेममध्ये नाचणी उगवते का, असं विचारून या गोठ्यांवर आजवर कुणी मोर्चा काढलेला नाही. गवत आपलं चालतं, माती आपली चालते, बांबू आपला चालतो. माणसांचे चेहरे तेवढे दुकानातून आणायचे, गुलाबी गालांचे.

ते चेहरेही आपल्यासारखे का नसावेत, असं आंजेलो दा फोन्सेका या गोव्याच्या चित्रकाराला वाटलं. जन्म १९०२, सांत इस्तेव्ह बेटावरचा. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये ते शिकायला गेले, पण तिथलं विलायती वळण मानवेना. मग बंगाल गाठला, अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले. परत आले ते साडीतली मरिया घेऊन. सावळी, डोक्यावर पदर, जमिनीवर बसलेली. पोर्तुगीजांच्या गोव्यात तेव्हा मरिया गोरी असे, निळ्या डोळ्यांची. लोकांना ही नवी मरिया खपली नाही. पाखंड, अपमान, हिंदूपणा, जे म्हणायचं ते म्हणून झालं. मुंबईच्या सेंट झेवियर्समधले इतिहासकार फादर हेरास यांच्यासारख्यांनी पाठ थोपटली, पण गावात राहणं अवघड झालं. शेवटी फोन्सेका पुण्याला आले आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रं काढत राहिले. आश्रम अँग्लिकनांचा, चित्रकार कॅथलिक, मरिया साडीतली. पुण्याने यावर फारसं काही म्हटलेलं ऐकिवात नाही, आणि पुण्याच्या बाबतीत ही मोठीच दाद समजावी.

गोव्यातल्या टीकाकारांचं म्हणणं काय होतं, तर हे मूळ रूपाला धरून नाही. मूळ म्हणजे कुठलं? इटालियन चित्रकारांनी इटलीतल्या बायका समोर बसवल्या, फ्लेमिशांनी फ्लेमिश, स्पॅनिशांनी आपल्या स्वयंपाकघरातल्या. कॅरव्हॅजिओची मरिया म्हणजे रोमच्या गल्लीतली एक ओळखीची बाई, अशी तेव्हा उघड कुजबुज होती. त्या बायांवर दोन-तीनशे वर्षांची धूळ आणि मेणबत्त्यांचा धूर बसला, आणि जहाजात बसून गोव्याला पोचेपर्यंत त्या मूळ होऊन गेल्या. फोन्सेकांनी केलं ते तंतोतंत तेच, फक्त त्यांच्या शेजारणी साडी नेसत होत्या.

१९६७ मध्ये फोन्सेका वारले. त्यांची पुष्कळशी चित्रं आज पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहेत, आणि त्यांचं कौतुक करणारे लेख, व्याख्यानं, प्रदर्शनं आता नियमाने होतात. साडीतली मरिया मान्य झाली. इतकी मान्य झाली, की उद्या एखाद्या मुलीने मरियेला सलवार-कमीज घालून, पोटावर ओढणी सारखी करत, स्कूटरवर मागे बसलेली काढली, आणि योसेफाच्या पायाशी हत्यारांची पिशवी ठेवून ते दोघं सेतू केंद्रासमोरच्या रांगेकडे चाललेत असं दाखवलं, तर पहिली हरकत साडीवालेच घेतील. दुसरी हरकत पुण्यातून येईल, योसेफाने हेल्मेट घातलंय यावर.